परिवीक्षेवर सुटका झाली असली, तरी अर्जात ‘होय’ असेच लिहावे

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझे वय २७ आहे. २०१८ मध्ये बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांच्या मुलांमध्ये वाद झाला आणि आम्हा चौघांवर भारतीय दंड संहितेच्या कलम ३४१, ३२३, ५०४ आणि ३४ (वाट अडवणे, मारहाण, अपमान आणि समान इरादा) खाली गुन्हा दाखल झाला. जामीन त्याच दिवशी मिळाला. नंतर तारखा पडत राहिल्या, त्यातच कोरोना आला. २०२१ मध्ये वकिलांच्या सांगण्यावरून आम्ही गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा आणि शिकती मुले म्हणून न्यायालयाने तुरुंगवास न देता एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आम्हाला सोडले. ते वर्ष नीट पार पडले. आता राज्य शासनाच्या एका विभागात लिपिक-टंकलेखक पदावर माझी निवड झाली असून साक्षांकन नमुना, म्हणजे पूर्ववृत्ताच्या पडताळणीसाठीचा अर्ज, भरायचा आहे. पुण्यातील एका खासगी कंपनीचे ऑफर लेटरही हातात आहे आणि तिथेही पार्श्वभूमीची पडताळणी होणार आहे. ‘आपणांस कधी अटक झाली आहे काय, न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय’ असा प्रश्न दोन्हीकडे आहे. वडील आणि मामा म्हणतात, केस मिटली, ‘नाही’ लिहून मोकळा हो. वकीलसाहेब म्हणतात, परिवीक्षेच्या कायद्यात कलम १२ आहे, त्यामुळे काही शिल्लक राहत नाही. मी काय लिहावे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात तुम्ही जे सांगितले आहे त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीला कायद्यात वेगळे वजन आहे. उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. दोन्ही ठिकाणी ‘होय’ लिहा, त्याखाली नेमका तपशील द्या आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा. वडील आणि मामा तुमच्या भल्यासाठीच बोलत आहेत यात शंका नाही, पण त्यांचा सल्ला मानलात तर २०१८ च्या वादामुळे झाले नसते एवढे नुकसान ‘नाही’ या एका शब्दाने होऊ शकते.

तुम्हाला मिळालेली सवलत अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ या कायद्याखालची आहे. पहिल्यांदा आणि किरकोळ स्वरूपाचा अपराध करणाऱ्या माणसाला तुरुंगात पाठवले तर तो सराईतांच्या संगतीत आणखी बिघडतो, म्हणून त्याला समाजातच ठेवून सुधारण्याची संधी द्यावी, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला मनापासून पटतो. या कायद्याच्या कलम ३ खाली, चोरी-फसवणुकीसारख्या काही नेमक्या अपराधांत किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अपराधांत, ज्याच्यावर पूर्वी दोषसिद्धी नाही अशा माणसाला न्यायालय समज देऊन सोडू शकते. कलम ४ त्याहून व्यापक आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधात, अपराधाचे स्वरूप आणि आरोपीचे चारित्र्य पाहून, न्यायालय त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडते, गरज वाटल्यास त्याला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवते, आणि बंधपत्राचा भंग झाला तर मूळ अपराधाची शिक्षा भोगायला परत बोलावते. तुमच्या बाबतीत हे कलम ४ लागू झालेले दिसते. तरीही निकालपत्रात नेमके कोणते कलम लिहिले आहे ते स्वतः वाचून खात्री करा, कारण समज देऊन सोडणे आणि बंधपत्रावर सोडणे हे दोन वेगळे आदेश आहेत आणि अर्जात त्यांची गल्लत चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. या दोन्ही कलमांची सुरुवातच ‘दोषी आढळल्यावर’ या अटीने होते. आधी न्यायाधीश तुम्हाला दोषी ठरवतात आणि मगच शिक्षेचा विचार करताना ती न देता सोडतात. म्हणजे सवलत शिक्षेपुरती आहे. दोष सिद्ध झाल्याचा निष्कर्ष निकालपत्रात जसाच्या तसा राहतो. शेतकरी घरात वाढला असाल तर हे तुम्हाला चटकन समजेल. सोसायटीचे कर्ज फिटले की सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, जमीन पुन्हा मोकळी होते, पण बोजा चढवल्याची आणि उतरवल्याची फेरफार नोंद तलाठ्याच्या दप्तरात कायम असते आणि ज्याला पाहायची असेल त्याला ती दिसते.

वकीलसाहेबांनी सांगितलेले कलम १२ खरे आहे, महत्त्वाचेही आहे, मात्र त्याचा अर्थ त्यांनी सांगितला त्याहून मर्यादित आहे. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला, दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने येणारी अपात्रता भोगावी लागणार नाही, एवढेच ते कलम म्हणते. एखाद्या कायद्यात ‘अमुक अपराधात दोषी ठरलेला माणूस या पदास अपात्र राहील’ असे लिहिलेले असेल, तर ती आपोआप येणारी अपात्रता तुम्हाला लागणार नाही. पण दोषसिद्धी झालीच नव्हती, असे कलम १२ कुठेही म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये बक्षी राम यांच्या प्रकरणात आणि पुन्हा १९९८ मध्ये हरी चंद यांच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. परिवीक्षेमुळे दोषसिद्धी पुसली जात नाही आणि त्या वर्तनाचा विचार करण्याचा नोकरी देणाऱ्याचा अधिकारही संपत नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे तुम्ही खचून जाणार नाही. दिल्लीच्या दूध योजनेत रोखपाल-लिपिक असलेल्या शंकर दास यांनी घरातील एकामागून एक संकटांच्या काळात पाचशे रुपये वापरले. पुढे त्यांनी ते परत केले, न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना परिवीक्षेचा लाभ मिळाला. तरीही सरकारने त्यांना बडतर्फ केले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कलम १२ मुळे बडतर्फीचा अधिकार संपत नाही हे खरे, पण तो अधिकार न्यायबुद्धीने वापरला पाहिजे आणि या माणसाला दिलेली शिक्षा त्याच्या अपराधाच्या मानाने फार जास्त आहे. त्यांना मागील पगारासह कामावर परत घेण्याचा आदेश झाला. या निकालातून तुमच्यासाठी घेण्यासारखे एवढे आहे की, नोकरी देणाऱ्याला तुमच्या जुन्या प्रकरणाचा विचार करण्याचा अधिकार आहे, पण तो विचार प्रमाणात आणि कारणांसह झाला पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार तुम्हालाही आहे. मात्र हा अधिकार तुमच्या हातात राहतो तो तुम्ही खरे सांगितले असेल तरच.

खरे सांगितले नाही तर काय होते, याचे उदाहरण तुमच्या प्रकरणाशी इतके मिळतेजुळते आहे की ते मी सविस्तर सांगणार आहे. राजस्थानातील वीज प्रसारण निगमात तांत्रिक मदतनीस पदासाठी अनिल कंवरिया यांची निवड झाली. त्यांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३४१ आणि ३२३ खाली, म्हणजे तुमच्यावरील कलमांपैकीच दोन कलमांखाली, २०१३ मध्ये दोषी ठरवून परिवीक्षेचा लाभ देण्यात आला होता. अर्ज आणि घोषणापत्रात त्यांनी ही दोषसिद्धी सांगितली नाही. पोलीस पडताळणीत ती उघड झाली आणि नोकरी गेली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, सत्र न्यायालयाकडून त्यांनी कलम १२ चा लाभ स्पष्ट शब्दांत मिळवला होता आणि त्याच्या आधारे उच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. पण सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकरी संपवण्याचा निर्णय कायम केला. वाद भांडणाचा किंवा त्याच्या किरकोळपणाचा नसून विश्वासाचा आहे, जो माणूस नोकरीच्या पहिल्याच कागदावर खोटे घोषणापत्र देतो त्याच्यावर पुढे भरवसा कसा ठेवायचा, असा न्यायालयाचा रोख होता. घोषणापत्र खोटे होते आणि नंतर मिळालेल्या कलम १२ च्या लाभाने ते खरे झाले नाही. कलमे तीच, सवलत तीच, वकिलांचा आधारही तोच, आणि नोकरी मात्र गेली. हा निकाल वडिलांना आणि मामांना अवश्य समजावून सांगा.

शासकीय नोकरीतील पडताळणीबाबत सध्या मार्गदर्शक मानला जाणारा निकाल अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो दिला. त्याचा पहिलाच नियम असा की, दोषसिद्धी, निर्दोष सुटका, अटक किंवा प्रलंबित खटला यांविषयी उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे आणि तिच्यात लपवाछपवी असता कामा नये. त्याच निकालात तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या किंवा किरकोळ अपराधांचा वेगळा उल्लेख आहे. अशी बाब सांगितली असती तरी उमेदवार पदाला अयोग्य ठरला नसता, असे दिसत असेल तर लपवणूकही माफ करण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला आहे. पण मुभा असणे वेगळे आणि तिचा उपयोग तुमच्या बाजूने होणे वेगळे. कंवरिया यांच्या बाबतीत तसे झाले नाही. याच निकालातील आणखी एक भाग तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. उमेदवाराने निकाली निघालेले प्रकरण प्रामाणिकपणे सांगितले, तरी त्याच्या पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतो आणि त्याला नेमणूक देण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे ‘होय’ लिहिल्याने नोकरीची हमी मिळत नाही. तरीही लिपिकाचे पद, मिरवणुकीतील ढकलाढकली, त्या वेळचे विशीतील वय, हत्यार नाही, पैशाचा अपहार नाही आणि त्यानंतर एकही नोंद नाही, या सगळ्याचा एकत्रित विचार झाला तर तुमची बाजू चांगली आहे असे माझे मत आहे. हेच पद पोलीस शिपायाचे असते तर माझे उत्तर एवढे आशादायी नसते, कारण शिस्तीच्या दलांत पूर्ववृत्ताचा निकष न्यायालयांनीही अधिक कडक मानला आहे.

ही माहिती कळते कशी, तेही समजून घ्या, कारण ‘कोण कशाला शोधायला जातो’ हा घरोघरी चालणारा युक्तिवाद आज लागू पडत नाही. शासकीय नेमणुकीत तुमचा साक्षांकन नमुना पोलीस अधीक्षक कार्यालयामार्फत तुमच्या गावच्या पोलीस ठाण्यात जातो आणि तिथल्या गुन्हे नोंदवहीत तुमचे नाव पाहिले जाते. देशभरातील पोलीस ठाणी आता सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्याने जोडलेली आहेत, त्यामुळे पत्ता बदलून दुसऱ्या शहरात राहायला गेल्यानेही नोंद मागे राहत नाही. खासगी कंपनीचा मार्ग वेगळा आहे. ती हे काम पडताळणी करणाऱ्या संस्थेला देते आणि त्या संस्था ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव, न्यायालय आणि वर्ष टाकून शोध घेतात. जिल्हा आणि तालुका न्यायालयांतील प्रकरणे तिथे कोणालाही पाहता येतात. शिवाय, संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला आहे. काही कंपन्या उमेदवारालाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणायला सांगतात. तुमच्या ठाण्याच्या अभिलेखात गुन्हा असल्यास त्या प्रमाणपत्रातही तसा उल्लेख येऊ शकतो.

ई-कोर्ट्सवरील शोधाबाबत मला विशेष काळजी वाटते ती दोन कारणांनी. एक तर तिथली नोंद त्रोटक असते. प्रकरण निकाली निघाले एवढे कळते, पण न्यायाधीशांनी कोणत्या कारणांसाठी तुरुंगवास टाळला, तुमच्या वयाविषयी काय लिहिले, बंधपत्र किती काळाचे होते, हे निकालपत्र उघडून वाचल्याशिवाय कळत नाही, आणि पडताळणी करणारा कर्मचारी ते वाचेलच असे नाही. दुसरे म्हणजे आपल्याकडे एकाच नावाची आणि आडनावाची माणसे एकेका तालुक्यात कितीतरी असतात, त्यामुळे दुसऱ्याचे प्रकरण तुमच्या नावावर आणि तुमचे दुसऱ्याच्या नावावर चिकटू शकते. या दोन्हींवर उपाय एकच आहे. त्यांनी शोधण्याआधी तुम्ही स्वतः पूर्ण कागद द्यायचा. मग पडताळणी करणाऱ्याच्या हाती संकेतस्थळावरची एक तुटक ओळ न राहता न्यायाधीशांनी स्वतः लिहिलेली कारणे राहतात.

अर्ज भरताना प्रश्नाचे शब्द नीट वाचा. अटक झाली होती काय, गुन्हा दाखल झाला होता काय, दोषी ठरविले काय, सध्या खटला प्रलंबित आहे काय, हे वेगवेगळे प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्रपणे द्यावे लागते. तुमच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. अटकेच्या प्रश्नावर अनेक तरुण चुकतात. ‘आम्हाला फक्त ठाण्यात बसवून ठेवले होते, अटक नव्हती’ असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते. दोषारोपपत्रात अटकेच्या तारखेचा रकाना असतो, तो पाहा. तिथे तारीख असेल तर तुम्ही त्याच दिवशी जामिनावर सुटलेले असलात तरी उत्तर ‘होय’ आहे. विचारलेले सगळे सांगावे, पण न विचारलेल्या गोष्टींचा पाल्हाळ लावू नये. नेमके जे विचारले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन आहे, असे अवतार सिंग निकालानेही म्हटले आहे. मिरवणुकीत चूक कोणाची होती, समोरच्या मंडळाने काय केले, हे साक्षांकन नमुन्यात लिहू नका. तुम्ही गुन्हा कबूल केलेला आहे आणि आता त्याविषयी तक्रारीचा सूर लावला तर तो तुमच्याच विरुद्ध जाईल.

मजकूर साधारण असा ठेवावा : ‘होय. सन २०१८ मध्ये, माझे वय २० असताना, गणेश विसर्जन मिरवणुकीतील वादावरून माझ्यासह चौघांविरुद्ध भारतीय दंड संहितेच्या कलम ३४१, ३२३, ५०४ व ३४ अन्वये गुन्हा दाखल झाला व त्याच दिवशी मला जामीन मिळाला. सन २०२१ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांनी मला दोषी धरून, कारावासाची शिक्षा न देता, अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ अन्वये एक वर्षाच्या बंधपत्रावर मुक्त केले. बंधपत्राचा कालावधी कोणताही भंग न होता पूर्ण झाला आहे. सध्या माझ्याविरुद्ध कोणतेही फौजदारी प्रकरण प्रलंबित नाही. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे.’ गुन्हा नोंद क्रमांक, खटला क्रमांक आणि तारखा निकालपत्रावरून जशाच्या तशा उतरवा, आठवणीवर विसंबू नका. रकान्यात जागा पुरत नसेल तर ‘सोबतचे निवेदन पाहावे’ असे लिहून स्वतंत्र कागद जोडा आणि त्यावर सही करा. सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या.

कागदांसाठी आजच हालचाल सुरू करा. ज्या न्यायालयात निकाल लागला तिथे नकलेचा अर्ज देऊन निकालपत्राच्या आणि बंधपत्राच्या सही-शिक्क्याच्या प्रती मिळवा. देखरेखीचा आदेश झाला असेल तर जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे तुमच्या त्या वर्षाचा अहवाल असेल, त्याची प्रत मिळाल्यास फार उपयोग होतो. निकालात फिर्यादीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला असेल, तर ती भरल्याची पावती शोधून ठेवा. कलम १२ चा उल्लेख निकालात नसला तरी घाबरू नका. ते कलम कायद्यानेच लागू होते, न्यायाधीशांनी वेगळे लिहावे लागते असे नाही.

खासगी कंपनीबाबत थोडक्यात सांगतो. तिथे संबंध कराराचा आहे आणि ऑफर लेटरमध्ये बहुधा एक अट असते की माहिती खोटी आढळल्यास नोकरी केव्हाही संपवता येईल. ‘केव्हाही’ या शब्दामुळे रुजू झाल्यावर, पहिली नोकरी सोडून दिल्यावर, घराचा हप्ता सुरू झाल्यावरही ती तलवार डोक्यावर राहते. म्हणून पडताळणीचा अर्ज पाठवण्याआधीच एचआरला एक छोटे, शांत भाषेतील ईमेल करा, त्यात वरचाच मजकूर द्या आणि निकालपत्र जोडा. पुढे कधी त्याच कंपनीने तुम्हाला परदेशी पाठवायचे ठरवले, तर अमेरिकेच्या व्हिसा अर्जात ‘आजवर कधी अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे काय, माफी मिळालेली असली तरी सांगा’ असाच प्रश्न येतो, आणि तिथल्या इमिग्रेशन कायद्यात गुन्ह्याची कबुली देऊन न्यायालयाने काही निर्बंध घातले असतील तर तीही दोषसिद्धीच मानली जाते. इथल्या कलम १२ चा तिथे आधार नाही. तेव्हाही हीच कागदपत्रे लागतील. पासपोर्टची चिंता मात्र करू नका. पासपोर्ट कायदा, १९६७ नुसार दोषसिद्धीमुळे नकार देता येतो तो नैतिक अधःपतनाच्या अपराधात मागील पाच वर्षांत किमान दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली असेल तर, आणि तुम्हाला तर शिक्षाच झालेली नाही.

ही नोंद कायमची काढून टाकता येईल का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मनात नक्की असेल. अठरा वर्षांखालील मुलांसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ मध्ये अपात्रता दूर करण्याची आणि काही अपवाद वगळता अभिलेख नष्ट करण्याची तरतूद आहे. प्रौढांसाठी अशी सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही, आणि माझ्या मते ही आपल्या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे. विशीतील मुलाला सुधारण्याची संधी द्यायची म्हणून संसदेने १९५८ मध्ये कायदा करायचा आणि त्याच मुलाची नोंद जन्मभर एका शोधखिडकीत उघडी ठेवायची, यात सुसंगती नाही. ठरावीक वर्षे निर्दोष वर्तणूक राहिली की परिवीक्षेची प्रकरणे सार्वजनिक शोधातून बाजूला काढली जावीत, असे मला ठामपणे वाटते. पण तसा कायदा होईपर्यंत आज आहे त्या कायद्यानेच चालावे लागेल. दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचा मार्ग परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ११ मध्ये आहे, परंतु तुम्ही स्वतः गुन्हा कबूल केलेला असल्याने आणि मुदत कधीच उलटलेली असल्याने त्यावर फार आशा ठेवू नये. दुसऱ्या एखाद्या वकिलांना निकालपत्र दाखवून मत घ्या, पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

इथे तुमच्यासाठी नव्हे, तर ज्यांचे प्रकरण अजून न्यायालयात आहे अशा वाचकांसाठी थोडे लिहिणे भाग आहे, कारण तुमच्या पत्रातील ‘वकिलांच्या सांगण्यावरून गुन्हा कबूल केला’ या वाक्याने मला अस्वस्थ केले. तुमच्यावर लावलेली कलम ३४१, ३२३ आणि ५०४ ही तिन्ही कलमे तडजोडीस पात्र होती. फिर्यादीशी समेट करून न्यायालयात तडजोड नोंदवली असती, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा झाला असता आणि आज दोषसिद्धीच्या प्रश्नावर तुम्ही खरेपणाने ‘नाही’ लिहू शकला असता. त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये तीच व्यवस्था पुढे चालू आहे. तारखांना कंटाळून ‘कबूल कर, दंड भर, विषय संपव’ असा सल्ला तालुका न्यायालयांच्या आवारात सर्रास दिला जातो, आणि लोकांना वाटते की पाचशे-हजार रुपये भरून प्रकरण मिटले. कबुलीवर भरलेला दंडही दोषसिद्धीच असते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या आणि वस्तू किंवा तिची किंमत परत करणाऱ्या माणसाला समाजसेवेची शिक्षा आहे, आणि ती तरतूद स्वागतार्ह आहे. पण तीही दोषी ठरल्यानंतरची आहे. त्यामुळे फिर्यादीशी समेट शक्य असेल तिथे कबुलीआधी तडजोडीचा रस्ता पूर्ण चाचपून पाहावा, आणि मुलगा शिकत असेल, स्पर्धा परीक्षा देत असेल, तर ही गोष्ट वकिलांना पहिल्याच भेटीत सांगावी.

तुमच्याकडे परत येतो. साक्षांकन नमुना दिलेल्या मुदतीतच भरा, नक्कल मिळायला उशीर होत असेल तर नकलेच्या अर्जाची पोच जोडून ‘प्रमाणित प्रत मिळताच सादर करीन’ असे लिहा. विभागाने खुलासा मागवला तर तो लेखी द्या आणि त्यात अवतार सिंग निकालाचा तसेच शंकर दास प्रकरणाचा उल्लेख करा. नेमणूक नाकारलीच, तर कारणांसह लेखी आदेश मागा. फक्त ‘गुन्हा दाखल असल्याने’ एवढेच लिहून पद, वय, अपराधाचे स्वरूप आणि परिवीक्षेचा आदेश यांचा विचारच केला नसेल, तर अशा आदेशाविरुद्ध महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, दाद मागता येते. त्यासाठी आदेशाच्या तारखेपासून साधारण एक वर्षाची मुदत असते, म्हणून आदेश हातात पडला की त्याच आठवड्यात सेवाविषयक प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांना भेटा आणि जाताना साक्षांकन नमुन्याची पोच असलेली प्रत सोबत न्या, कारण तुम्ही काहीही लपवले नव्हते याचा तोच पहिला पुरावा असेल.